जुमानाचा गुडघा

मंगळवारी दुपारी मला तालिया क्लबचा जिना उतरताना दिसली, आणि मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे हिंमत होईल की नाही कोण जाणे. कठड्याला धरून, दोन्ही पाय एका पायरीवर आणायचे, थांबायचं, मग पुढची पायरी, अशी ती उतरत होती. तेरा वर्षांची पोर. पंधरा दिवसांपूर्वी हाच जिना ती दोन-दोन पायऱ्या गाळत उतरायची. मी खाली नेहमीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर थर्मास, हातात खारवलेल्या बियांची पुडी, आणि माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. दोन वर्षं मी आवळ पट्टा बांधून वावरत होते हे तो सुटल्यावरच कळलं. मी एक बी फोडली, खाल्ली, टरफल रुमालात टाकलं. मग चेहऱ्यावर काळजी आणून उठले आणि म्हणाले, "अगं तालिया, माझी राणी, काय झालं गं हे?" "गुडघा, नेवीनमावशी," ती म्हणाली आणि हसली. हसताना तिच्या दातांवरच्या तारा दिसल्या. मला माझ्या आनंदाची लाज वाटली, पण ती नंतर. आनंद आधी आला, आणि चांगला भरपूर आला.

तालिया आणि माझी जुमाना सातव्या वर्षापासून एकत्र स्क्वॉश शिकतात. आलेक्झांड्रियात समुद्रावर फिरायला जाणारी माणसं वेगळी आणि आम्ही क्लबातल्या आया वेगळ्या. आम्ही समुद्र बघतो तो गाडीच्या काचेतून, उशीर झालेला असताना. मग चार ते आठ दुसऱ्या काचेसमोर. काचेपलीकडे मुली, अलीकडे आम्ही. अभ्यास तिथेच, फलाफलचे पाव तिथेच, भांडणं आणि समेटही तिथेच. पहिली चार वर्षं जुमाना पुढे होती. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की मी त्याबद्दल आनंद मानायचंही सोडून दिलं होतं. मग एका उन्हाळ्यात तालिया वाढली. वर्षात अकरा सेंटिमीटर. मेरवतने, म्हणजे तिच्या आईने, स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, आणि एकदा चहाला गेले असताना मी त्या बोटांनी चोरून मोजल्या. जो चेंडू घ्यायला जुमानाला तीन पावलं लागतात तो तालिया दीड पावलात घेऊ लागली. कॅप्टन ताहेर, आमचे प्रशिक्षक, जुमानाला म्हणायचे, "छान, बाळ." तालियावर ओरडायचे. "झोपलीस का? पाय हलव, पाय!" कॅप्टनचा ओरडा हा मान असतो हे क्लबात प्रत्येक आईला कळतं. दोन वर्षं माझ्या मुलीवर कुणी ओरडलं नाही.

पण खरं सांगायचं तर माझं पोट तालियावरून दुखत नव्हतंच, मेरवतवरून दुखत होतं. मेरवत शाळेत रसायनशास्त्र शिकवते, केस कसेही बांधते, तिच्या पर्समध्ये खडूची भुकटी असते. आणि ती खरं बोलते. हे दिसायला साधं वाटतं, पण आमच्या खुर्च्यांच्या रांगेत कुणी आपल्या मुलीचं चांगलं उघड बोलत नाही. "कशी चाललीय गं प्रॅक्टिस?" असं कुणी विचारलं की म्हणायचं, "कसली प्रॅक्टिस, बाई, पाठ गेलीय पोरीची." समोरचीला कळतं, ती आशीर्वाद देते, वाईट नजर टळते, दोघी सुखी. शेरवेतची मुलगी गेली चार वर्षं दम्याने मरतेय आणि तिच्या घरात चषक ठेवायला जागा नाही. एकीचं पोट, एकीची पाठ, एकीला भूकच लागत नाही. जुमाना नऊ वर्षांची असताना तिने पहिली स्पर्धा जिंकली, तेव्हा तिच्यासाठी मी गुडघा निवडला. मीच निवडला. "गुडघ्याने जेरीला आलीय हो," मी सगळ्यांना सांगितलं, आणि ही बावळट माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "मम्मी, माझा गुडघा नाही दुखत." सगळी रांग हसली. गाडीत मी तिला समजावलं की हे बाहेरचं बोलणं असतं, लोकांच्या नजरा असतात, आपण म्हटलं दुखतंय की मग खरंच दुखत नाही. ती म्हणाली, "म्हणजे खोटं?" मी म्हटलं, "खोटं नव्हे गं, काळजी." मेरवत मात्र मांड्या पसरून बसायची आणि म्हणायची, "काय खेळतेय म्हणून सांगू माझी पोरगी! वाघीण आहे वाघीण." आम्ही सगळ्या घाईघाईने माशाल्ला म्हणायचो, गळ्यातला नजरेचा निळा मणी चाचपायचो. मला तिचा राग यायचा. आम्ही एवढ्या जणी मान खाली घालून, दुखणी सांगून चालतो, आणि हिला कशाचीच भीती नाही? कधीतरी हिला कळेल, असं मी मनात म्हणत आले होते. मंगळवारी जिन्यावर मी म्हटलं, कळलं. आणि लगेच दुसरा विचार आला, की एखादीची नजर लागली असेल तर ती कुणाची? दोन वर्षं तिच्या प्रत्येक पावलाकडे डोळे लावून कोण बसलं होतं?

कॅप्टन ताहेर टॉवेलने मान पुसत माझ्यापाशी आले. डॉक्टर म्हणतात पोरीची हाडं भराभर वाढतायत आणि स्नायू मागे राहिलेत, म्हणाले. वाटीच्या खाली जिथे शीर हाडाला धरते तिथे ओढ बसते, दुखतं, टेंगूळ येतं. या वयात खेळणाऱ्या पोरांना होतंच. वाढ थांबली की थांबतं, पण तोवर उड्या आणि धावपळ कमी करायची, बर्फ लावायचा, मांड्या ताणायचे व्यायाम करायचे, झेपेल त्यापेक्षा जास्त खेळायचं नाही. "शुक्रवारी तालिया नाही खेळणार. मादाम नेवीन, शुक्रवार जुमानाचा आहे." शुक्रवारचा सामना जिंकला तर उन्हाळ्यात देशाच्या संघातल्या मुलींबरोबर परदेशी जायचं. पुढच्या वर्षी मुली वरच्या वयोगटात जाणार, तिथे मोठमोठ्या घोड्या आहेत, तिथे कोण विचारतं. म्हणजे हाच एक शुक्रवार. मी हुसामला जेद्दाहला फोन केला, माझ्या नवऱ्याला, तो कामावर होता, म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो?" तो कधीच काही म्हणत नव्हता. घरी जाताना मी गाडीत गाणं म्हणत होते. जुमाना शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. "तालियाचं वाईट झालं," मी म्हणाले. "हं," ती म्हणाली.

बुधवारी रव्याच्या गोड बसबूसाचा डबा घेऊन मी मेरवतकडे गेले. दुखणाईताला भेटायला जाणं भागच होतं, न गेले असते तर लोकांनी लगेच तर्क बांधले असते. शिवाय मला बघायचं होतं. ही गोष्ट मला स्वतःपासून लपवता येत नाही. मला मेरवतचा चेहरा बघायचा होता. दार तिनेच उघडलं, केस तसेच, हात ओले, आणि म्हणाली, "आलीस! बरं झालं. सासूबाई नजर काढतायत, हसू नकोस." आत तालिया सोफ्यावर पाय लांब करून बसली होती, कानात इयरफोनच्या तारा, आणि मेरवतच्या सासूबाई वर्तमानपत्राची बाहुली कापून हातात सुई घेऊन बसल्या होत्या. लोबानाचा धूर झाला होता. म्हातारीने मला बघितलं, मान हलवली, आणि चालू ठेवलं. कागदाच्या बाहुलीला सुई टोचायची आणि नाव घ्यायचं. "शेरवेतच्या नजरेतून." टोच. "इनासच्या नजरेतून. खालच्या मजल्यावरच्या त्या दुबळीच्या नजरेतून." टोच, टोच. "कॅप्टनच्या बायकोच्या नजरेतून." सगळा क्लब होऊन गेला. मी डबा मांडीवर धरून बसले होते आणि माझ्या नावाची वाट बघत होते. एकदा यावं आणि सुटावं. म्हातारीने सुई उचलली, माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही, एक श्वासभर, आणि म्हणाली, "आणि ज्यांनी ज्यांनी पाहिलं आणि देवाचं नाव घेतलं नाही, त्या सगळ्यांच्या नजरेतून." सुई बाहुलीच्या पोटात गेली. पाहुणी समोर असताना तिचं नाव घेत नाहीत. मी तिच्या या सभ्यतेने घामाघूम झाले. "किती सुंदर वास आहे धुराचा," असं काहीतरी बरळले. तालियाने कानातली तार काढली आणि म्हणाली, "आजी, हाडं वाढतायत म्हणून दुखतंय. डॉक्टरनं सांगितलंय." "हो गं बाई," म्हातारी म्हणाली, "पण इतक्या घाईने वाढायला हाडांना सांगितलं कुणी?"

मी पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात पळाले. मेरवत शेगडीपाशी होती, "बर्फ घे ना वरून," पाठमोरीच म्हणाली. मी फ्रीजरचं दार उघडलं. आमच्या सगळ्यांच्या फ्रीजरमध्ये असतं तेच होतं, मोलोखियाच्या पाल्याच्या वड्या, कापलेली भेंडी, दोन साफ केलेली कबुतरं. आणि पुढे हिरव्या वाटाण्याच्या दोन पिशव्या. एकीवर काळ्या पेनाने लिहिलं होतं, "तालिया. खायचे नाहीत." दुसरीवर लिहिलं होतं, "जुमाना. खायचे नाहीत." मी ती दुसरी पिशवी हातात घेतली. नवी नव्हती. कितीदा वितळून पुन्हा गोठलेली, वाटाणे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला, आणि मध्ये एक खोलगट भाग तयार झालेला, गुडघा बसेल एवढा. अक्षर जुमानाचंच होतं. तिचा 'ज' मी ओळखते. माझी बोटं पिशवीला चिकटायला लागली तरी मी ती सोडली नाही.

"मेरवत, हे काय आहे?" तिने वळून बघितलं आणि हात पुसले. उगाचच बराच वेळ पुसले. "बस, नेवीन." "बसत नाही मी." "नोव्हेंबरात सांगितलं तिनं मला," मेरवत म्हणाली. "मी दोघींना घरी सोडत होते तेव्हा. तालियाचं तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं." इतकं ऐकूनही माझ्या मनात आधी काय आलं, तर इथेही माझी जुमाना पुढे होती. अशी मी आहे. "आणि तू मला सांगितलं नाहीस?" "शपथ घातली तिनं." "तेरा वर्षांच्या पोरीची शपथ! तुझी अक्कल कुठे गेली होती?" "हळू बोल, पोरगी बाहेर आहे. नेवीन, ती म्हणाली मी मम्मीला सांगितलंय. सांगितलं, पण मम्मीनं ऐकलं नाही. आणि तू तर रोज सगळ्यांना सांगतेस, गुडघा गेलाय तिचा, झोपत नाही. हसत हसत सांगतेस. तू म्हणायचं म्हणून म्हणतेस की खरंच माहितीये तुला आणि तरी खेळवतेस, मला कळेचना. विचारायची हिंमत झाली नाही, हे माझं चुकलं." मग तिने सांगितलं की ती तालियाला घेऊन व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाते तेव्हा जुमानालाही नेते. तीनदा नेलं. बाईंनी खेळ पूर्ण बंद करायला सांगितलं नाही, फक्त रोज दुखण्याचा आकडा सांगायचा, शून्य ते दहा. तीनपर्यंत असेल तर खेळ, चार-पाचला अर्धं खेळ, त्याच्या वर गेलं तर थांब. "ती मला रोज आकडा पाठवते. मी त्यांना कळवते." "काल किती होता?" मी विचारलं. "पाच. परवा पण पाच. मी तिला म्हटलं शुक्रवार सोड, तर म्हणाली, मावशी, मम्मी गाडीत गाणं म्हणत होती." मेरवत माझ्या हातातली पिशवी घेऊ लागली. "आजच बोल तिच्याशी." "माझ्या मुलीशी मी कधी बोलायचं ते तू मला शिकवणार?" मी म्हणाले. पिशवी आत टाकली, फ्रीजरचं दार आपटलं, आणि म्हातारीला नमस्कार न करताच बाहेर पडले.

गाडीत बसल्यावर मला नोव्हेंबर आठवला. म्हणजे आठवायला काही विसरलं नव्हतंच, फक्त त्या जागी मी कधी गेले नव्हते. पाऊस पडत होता, क्लबच्या फाटकापाशी गाड्यांची रांग होती, मी शेरवेतशी फोनवर बोलत होते. जुमाना शेजारून म्हणाली, "मम्मी, माझा गुडघा दुखतोय." मी फोनवर हात ठेवला, तिच्याकडे बघून डोळा मारला, आणि म्हणाले, "शाबास. आत गेल्यावर असंच म्हण." तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिकली. मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं. तिने बॅग उचलली आणि पावसातून आत गेली, आणि मी शेरवेतला सांगितलं, "अगं, कसली प्रॅक्टिस."

हे कळल्यावर कुणीही आई घरी जाऊन मुलीला जवळ घेईल. मी नाही घेतलं. मला वाटलं, तिने मला सांगायला हवं. आपणहून, जसं मेरवतला सांगितलं तसं. सामन्याआधी दोन दिवस सरावाला सुट्टी होती, ती शाळेतून घरी आली, मॅकरोनी खाल्ली, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून गणितं सोडवत बसली, सैल विजार घातलेली, त्यामुळे काही दिसत नव्हतं. मी तिच्याभोवती घिरट्या घातल्या. "दमलीस?" "नाही." "काही सांगायचंय का?" "काय सांगायचंय?" संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिने फोन उचलला, अंगठ्याने एकच टिचकी मारली, आणि खाली ठेवला. एका आकड्याला एवढंच लागतं. मी दोन हातांच्या अंतरावर कांदा चिरत होते. "किती?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं, पण मग मला ते मेरवतकडून कळलंय हे कबूल करावं लागलं असतं. मला ते नको होतं. त्या घटकेला मला तिच्या गुडघ्यापेक्षा तो आकडा हवा होता, माझ्या नावावर पाठवलेला. माझ्या पोटात जे जळत होतं ते आता चषकांवरून नव्हतं. तालिया चषक घेऊन जाते तेव्हा तो निदान दिसतो, लोक टाळ्या वाजवतात, आपल्याला कळतं की काय गेलं. इथे चार महिने माझ्या मुलीचं दुखणं दुसऱ्या बाईच्या घरी जाऊन पाय पसरून बसत होतं, आणि मी रांगेत बसून त्याच दुखण्याची खोटी जाहिरात करत होते. मेरवतने तिच्या मांड्या दाबल्या असतील. कुठे दुखतं, इथे का, असं विचारलं असेल. माझी मुलगी तिच्यापुढे रडली असेल का? या प्रश्नाने मी गुरुवारचा अख्खा दिवस काढला. दोनदा ती न्हाणीघरातून बाहेर येताना मी तिच्या पायांकडे बघितलं, आणि दोन्ही वेळा तिने टॉवेल खाली ओढला. गुरुवारी पाच वाजता पुन्हा एक टिचकी. मी वाट बघत राहिले. सांगेल, उद्या सकाळी सांगेल, खेळायच्या आधी तरी सांगेल. नाही सांगितलं तर खेळू दे. हे मी शब्दांत म्हटलं नाही, पण म्हटलं.

शुक्रवारी नमाजनंतर सामने सुरू झाले. जुमानासमोर कैरोची एक ठेंगणी, चिवट मुलगी होती, जी प्रत्येक पॉइंटनंतर पंचांशी वाद घालायची. खुर्च्यांची रांग भरली होती, बिया फुटत होत्या. मेरवत तालियाला घेऊन आली आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती तिथे येऊन बसली, जणू बुधवार झालाच नाही. मला तिचं तेही सहन होईना. जुमानाने पहिला गेम अकरा-सहा घेतला. कॅप्टन ताहेर काचेवर हात आपटून तिच्यावर ओरडले, "पाय, जुमाना, पाय!" दोन वर्षांनी ओरडले. सगळ्या माझ्याकडे वळून हसल्या आणि मी हसले. दुसऱ्या गेममध्ये शेजारून तालिया पुटपुटली, "सहा." गुण तेव्हा चार-तीन होते. थोड्या वेळाने म्हणाली, "सात." मला राहवलं नाही. "कशावरून म्हणतेस?" तालियाने आईकडे बघितलं, आणि मेरवतने मान हलवल्यावर म्हणाली, "सर्व्हिसच्या आधी ती मोजे वर ओढते ना, तेव्हा वाटीखाली अंगठा दाबते. दोन्ही पायांना करते, मावशी, म्हणजे कुणाला कळायला नको." मी बघितलं. माझी मुलगी वाकली, एक मोजा ओढला, मग दुसरा, आणि उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. इतकी सफाई मी तिला शिकवली होती. पुढच्या चेंडूवर ती पुढे झेपावली आणि दुसरा गेमही अकरा-नऊ तिचा झाला. दोन-शून्य. आता एकच गेम.

"नेवीन, ऊठ," मेरवत म्हणाली. "मी का? तूच जा ना, तुलाच सगळं माहितीये." "मी नाही जाणार. आई तू आहेस." मी उठले नाही. दहा मिनिटं, असा हिशोब माझ्या डोक्यात चालला होता, फार तर बारा. आठ असेल, फार तर नऊ होईल, आणि मग सगळा उन्हाळा आहे बर्फ लावायला. हाडं वाढतायत, थांबतील तेव्हा थांबेल, डॉक्टरच म्हणतात. जुमाना पाणी प्यायली आणि काचेच्या दारापाशी आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले होते. तिने काचेवर हात टेकले आणि बोटं उघडली, एका हाताची पाच, दुसऱ्याची तीन. नजर माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे, मेरवतकडे होती. मग तिला दिसलं की मी बघतेय. तिने बोटं मिटली, इतक्या झटकन की मी पाहिलंच नसतं तर बरं झालं असतं, आणि माझ्यासाठी हसली. अंगठा वर केला. तेच हसू, जे मी रांगेत बसून चार वर्षं सगळ्यांना दाखवत आले होते, ते ती आता मला दाखवत होती. मी बाहेरची होते. माझी नजर लागू नये म्हणून ती जपत होती.

मी उठले तेव्हा मांडीवरचा थर्मास खाली पडला. सामन्यांच्या टेबलापाशी नोंदी ठेवायला उस्ताज मुनीर, म्हणजे मुनीरसर, बसतात, जाड चष्मा, चार वर्षं मला ओळखतात. "जुमाना पुढे खेळणार नाही," मी म्हणाले. "तिचा गुडघा दुखतोय." ते आधी मोठ्याने हसले. "मादाम नेवीन, दोन-शून्य आहे! निदान आज तरी त्या गुडघ्याला सुट्टी द्या!" मागे खुर्च्यांत हशा पिकला, आणि शेरवेत प्रेमाने ओरडली, "देव करो आणि असाच दुखत राहो गं!" "खरंच दुखतोय," मी म्हणाले. "दुखतो की, दुखतो," ते म्हणाले. मग मी त्यांचा हात धरला. आमच्याकडे परक्या पुरुषाचा हात कुणी असा भर टेबलावर धरत नाही. "खरं सांगतेय," मी म्हणाले. "ती सांगणार नाही. मी सांगतेय. थांबवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, आणि पंचांना हाताने खूण केली. मागचा हशा हळूहळू विरला. कॅप्टन ताहेर धावत आले, "काय चाललंय?" म्हणाले. उस्ताज मुनीरनी खणातून कागद काढला. माघार घ्यायची तर पालकाने लिहून द्यावं लागतं, म्हणाले, नियम आहे, वाईट वाटून घेऊ नका. मी पेन घेतलं. नाव लिहिलं, क्लब लिहिला, कारणापुढे 'गुडघा' लिहिलं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. "नोव्हेंबरपासून," मी म्हणाले, आणि एवढं तरी मला सांगता आलं म्हणून मला रडू यायला लागलं. "डावा की उजवा?" ते म्हणाले.

काचेपलीकडे जुमाना सरळ उभी होती, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, माझ्याकडे बघत. मी तिच्या पायांकडे बघितलं. दोन्ही मोजे वर होते. रांगेत कुणी बी फोडत नव्हतं. सगळ्या बघत होत्या, आणि मेरवत आपल्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती, माझा थर्मास तिने उचलून मांडीवर घेतला होता. ती वर बघत नव्हती. ती कधीच आपणहून बोलली नसती. मी सगळ्यांच्या देखत तिच्याकडे वळले.

"मेरवत," मी म्हणाले, "कुठला?"